काशीगावच्या हवेत गाडीचे ब्रेक

चि. भाच्यास,


धावत्या गाडीची गती चाकाशी उष्णता होऊन निघून जाते, एवढेच ब्रेकचे काम. पेडल दाबले की बूस्टर पायाचा जोर वाढवतो, मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलवर दाब आणतो आणि तो दाब बारीक नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोचतो. पुढच्या चाकांत कॅलिपरमधला पिस्टन दोन पॅड डिस्कवर आवळतो. लहान गाड्यांच्या मागच्या चाकांत बहुधा ड्रम असतो. तिथे लायनर लावलेले दोन शू आतून ड्रमला टेकतात. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे पुढचे ब्रेक जास्त राबतात आणि पॅड लायनरच्या आधी संपतात. वेग दुप्पट झाला की जिरवायची ऊर्जा चौपट होते.

गाडीच्या पुस्तिकेत निगेची मुदत ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ अशी दिलेली असते. बहुतेक जण पहिलाच आकडा वाचतात. भाईंदरजवळच्या काशीगावात दुसरा आकडा वाचायला हवा. जवळच वसईची खाडी, भाईंदरची मिठागरे, खारी दमट हवा, आणि चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. लोकलने नोकरीला जाणाऱ्याची गाडी सहा दिवस सोसायटीच्या आवारात उभी असते, रविवारी काय ती बाहेर पडते. ‘गाडी चाललीच कुठे, ब्रेक नवेच आहेत’ असे घरात सगळे म्हणतात. पण अशा गाडीचे ब्रेक झिजायच्या आधी गंजतात. मे महिन्यात एकदा आणि दसऱ्याला गाडीला हार घालायच्या आधी एकदा, चारही चाके उघडून पाहावीत.

डिस्कवर रात्रीतून चढलेला तांबूस गंज पाहून घाबरू नये; दोन-चार वेळा ब्रेक लावला की तो पुसला जातो. खरा गंज लपून बसतो तो कॅलिपरच्या गाईड पिनांत. या दोन पिनांवर कॅलिपर मागेपुढे सरकतो, म्हणून दोन्ही पॅड सारखे आवळले जातात. रबराचे बूट फाटून आत पाणी गेले की ग्रीसचा चिखल होतो, पिन अडकते आणि एकच पॅड घासत राहतो. बाहेरून चाकाच्या फटीतून पाहिले तर बाहेरचा पॅड भरपूर जाड दिसतो; चाक काढल्यावर आतला पॅड लोखंडाला टेकलेला निघतो. नुसते फटीतून पाहून ‘पॅड ठीक आहेत’ म्हणणाऱ्या तपासणीवर भरवसा ठेवू नये. पिन हाताने सहज सरकली पाहिजे. नाही सरकली तर ती काढून साफ करावी आणि ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. रबरी सील पेट्रोलमध्ये किंवा रॉकेलमध्ये धुण्याची सवय कित्येक गॅरेजांत आहे, तीही वाईटच.

पाणी ब्रेक ऑइलमध्येही शिरते. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि ओल वाढली की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ जातीचे कोरडे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरल्यावर हीच हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ मध्ये हे आकडे २३० आणि १५५ आहेत. रोजच्या शहरी वापरात फरक कळत नाही, घाटात कळतो. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत रस्ता सुमारे ५०० मीटर खाली येतो. या उतरणीत गाडी जेवढी ऊर्जा सोडते, तेवढी ताशी ७२ किलोमीटर वेगावरून तीच गाडी चोवीस-पंचवीस वेळा थांबवल्यावर निघते. ती सगळी ब्रेकवर टाकली तर ओलावलेले ऑइल कॅलिपरशी उकळते, नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पेडल तळाला जाते. म्हणून घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, भार इंजिनावर टाकावा, ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून सोडावा. पाय पेडलवर टेकवून ठेवू नये. न्यूट्रल टाकून किंवा इंजिन बंद करून उतार उतरणे हा तर जिवाशी खेळ आहे. इंजिन बंद झाले की बूस्टरमध्ये उरलेला जोर दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. पुण्याच्या नवले पुलाजवळ नोव्हेंबर २०२२ मध्ये उतारावरून आलेल्या एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली. इंधन वाचवण्यासाठी चालकाने इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले.

ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचे घ्यावे आणि फोडलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नये, कारण डब्यातल्या ऑइललाही हवा लागतेच. टाकीतली पातळी उतरली तर नुसती भर घालून मोकळे होऊ नये. पॅड झिजल्याने ती सावकाश उतरते. भराभर उतरली तर कुठेतरी गळती आहे.

ब्रेक बिघडायच्या आधी सांगतो. दाबताना कर्कश चिरका आवाज आला तर पॅडची खुणेची पत्री डिस्कला लागली असावी. खरखर आली तर लोखंडावर लोखंड घासते आहे. गाडी एका बाजूला ओढली तर एक कॅलिपर अडकलेला असू शकतो. प्रवासानंतर त्याच चाकाशी जास्त धग लागते आणि जळका वास येतो. पेडल लिबलिबीत असेल तर ऑइलमध्ये हवा आहे. सिग्नलला दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली सरकले, तर बाहेर गळती नसल्यास मास्टर सिलिंडरचे सील गेले. बूस्टर घरीच पाहता येतो: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन चालू करावे; पेडल किंचित खाली गेले की बूस्टर ठीक. मात्र एबीएस असलेल्या गाडीत जोराने ब्रेक लावल्यावर पेडल थरथरते, तो बिघाड नाही. अशा वेळी पाय उचलू नये.

पॅड ३ मिलिमीटरवर आले की बदलावेत, नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम. सपाट जागेवर मागच्या चाकांना उटी (ठोकळा) लावावी, चाकाचे नट जमिनीवरच सैल करावेत आणि नुसत्या जॅकवर विसंबू नये. खाली स्टँड हवाच. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कॅलिपर नळीवर लोंबकळू देऊ नये, तारेने बांधावा. पिस्टन सावकाश मागे दाबताना टाकीतले ऑइल वर चढते. ते रंगावर सांडले तर रंग उडतो, तेव्हा तिथे पाणी ओतून लगेच धुवावे. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते; त्याहून पातळ डिस्क घासून वापरू नये. ड्रममध्ये ओलसर डाग दिसला तर व्हील सिलिंडर गळतो आहे; तेलकट झालेले लायनर धुऊन परत बसवू नयेत, बदलावेत. ऑइलची एखादी नळी सुटली किंवा एबीएसच्या भागात हवा शिरली, तर काम जाणत्या मेकॅनिककडे द्यावे.

काम झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावे, कारण पिस्टन मागे गेलेला असतो आणि पहिला ब्रेक रिकामा जातो. मग आवारातच अगदी हळू चालवून पाहावे. नवे पॅड बसायला साधारण दोन-तीनशे किलोमीटर लागतात; तोवर महामार्गावर पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवावे. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी निघाली की मागेपुढे पाहून, हळू चालवत पेडल हलके दाबून पॅड आणि लायनर सुकवावेत. भिजलेली गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी हँडब्रेक ओढू नये, लायनर ड्रमला चिकटतात. पहिला गिअर आणि चाकाला उटी पुरते. दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चारही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवून ओल लागते का, ते पाहावे.

मामा