दुचाकी टॅक्सीचा व्यवसाय मांडू इच्छिणाऱ्या पुतण्यास

सोनई, ता. नेवासे, जि. अहिल्यानगर
पौष, शके १९४७

चि. बाळ यास,


तुझे पत्र पोहोचले. घाटकोपरला मित्रांच्या खोलीवर राहून, गोदामातली नोकरी सोडून, दुचाकी टॅक्सीचा व्यवसाय आरंभावा असा तुझा मनोदय आहे, आणि त्यासाठी विहिरीजवळच्या पट्टीवर कर्ज काढण्यास तुझे वडील जवळजवळ राजी झाले आहेत, हे वाचले. ते परवा माझा विचार घेण्यास आले होते. त्यांना जे थोडक्यात सांगितले तेच तुला सविस्तर लिहितो.

तुझ्या इच्छेला मोडता घालण्याचा माझा हेतू नाही. ज्या महानगरात लोकलमधून उतरलेल्या मनुष्याला कचेरीपर्यंतचे शेवटचे तीन-चार किलोमीटर गाठण्यासाठी रोज रांगेत ताटकळावे लागते, तेथे त्याला माफक खर्चात वेळेवर पोहोचविणारा माणूस समाजाची खरी गरज भागवितो. शेजारच्या गोव्यात पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकली चालविणारे ‘पायलट’ कित्येक दशके रीतसर परवान्यानिशी हाच व्यवसाय करीत आले आहेत, आणि त्यात कोणी कमीपणा मानीत नाही. तेव्हा कामाच्या प्रतिष्ठेविषयी माझ्या मनात किंतु नाही. माझे सांगणे एवढेच, की ज्या व्यवसायातली जोखीम तुझी आहे, त्याचा हिशेबही तुझ्याच हाती असला पाहिजे. आणि जोखीम तुझी पण हिशेब दुसऱ्याचा अशी व्यवस्था असेल, तर तिला व्यवसाय न म्हणता चाकरी म्हणावे आणि चाकरीच्याच मापाने तिची किंमत करावी.

प्रथम कायद्याची बाजू पाहा. १३ जानेवारी २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रॅपिडो या ॲपवाल्या कंपनीला तिची परवान्यावाचून चाललेली सेवा तत्काळ थांबविण्यास सांगितले. त्याच महिन्यात राज्य शासनाने खासगी नोंदणीच्या वाहनांतून अशी प्रवासी वाहतूक करण्यास मनाई केली. आणि फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीस दिलासा दिला नाही. मनाईचा हुकूम सेवेला लागू होतो, कर्जाच्या हप्त्याला लागू होत नाही, हे ध्यानात ठेव. पुढे १ एप्रिल २०२५ रोजी मंत्रिमंडळाने किमान एक लाख लोकवस्तीच्या शहरांत विजेवर चालणाऱ्या दुचाकी टॅक्सीस मान्यता दिली, आणि जुलैत ‘महाराष्ट्र बाईक-टॅक्सी नियम, २०२५’ अमलात आले. त्यांचा मथितार्थ असा, की वाहन विजेचेच हवे, त्याचा रंग पिवळा हवा, एक फेरी १५ किलोमीटरपेक्षा लांब नसावी, बारा वर्षांखालील मुलाला बसवू नये, आणि परवाना मागणाऱ्याजवळ किमान ५० वाहने असावीत.

म्हणून तू जी सेकंडहँड पेट्रोलची गाडी पाहून ठेवली आहेस, तिचा विचार आजच सोडून दे. ‘सगळेच चालवतात, कोण विचारतो’ असे तुझे मित्र म्हणत असतील. परंतु खासगी वापरासाठी उतरविलेला विमा भाड्याच्या वाहतुकीला लागू पडत नाही, ही गोष्ट त्यांतल्या किती जणांनी पॉलिसी उघडून वाचली आहे? पावसाळ्यात लोखंडी झाकणावरून चाक घसरले आणि मागच्या प्रवाशाचे हाड मोडले, तर विमा कंपनी हात वर करील, नुकसानभरपाईचा दावा तुझ्या नावे लागेल, आणि ज्या पट्टीवर कर्ज काढले ती पट्टी तुझ्या वडिलांच्या डोळ्यांदेखत जाईल. भाड्याने चालणाऱ्या विजेच्या वाहनाला हिरव्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत क्रमांक असतो. तशी पाटी आणि तिच्यामागचे दस्तऐवज ज्या गाडीला नाहीत, तिच्यावर एकही सवारी घेऊ नकोस.

आता जमाखर्चाकडे वळू. मुंबई महानगर प्रदेशासाठी ठरविलेले भाडे पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये आणि त्यापुढे दर किलोमीटरला १० रुपये २७ पैसे असे आहे. म्हणजे पाच किलोमीटरच्या फेरीचे सुमारे ५१ रुपये झाले. हा आकडा पाहून दिवसाच्या फेऱ्यांनी त्याला गुणण्याचा मोह होतो, आणि तेथेच पुष्कळ तरुण फसतात. त्या ५१ रुपयांतून कंपनीचा वाटा, चार्जिंग, टायर व ब्रेकची झीज, विमा आणि गाडीचा हप्ता वजा व्हावयाचा असतो. शिवाय सवारी सोडून पुढच्या बुकिंगपर्यंत गाडी जी रिकामी धावते, त्या किलोमीटरांचे भाडे कोणीच देत नाही. चार्जिंगला गाडी उभी असते तो वेळही तुझाच जातो. यास्तव एक वही घाल, आणि तिच्यात मिळालेल्या भाड्याबरोबर रिकामे किलोमीटर आणि वाट पाहण्यात गेलेले तासही रोज रात्री टिपून ठेव.

ॲपवाल्या कंपन्या आरंभी जो बोनस देतात, त्याविषयी आपल्या भागातल्या माणसाला निराळे समजावण्याचे कारण नाही. सध्या कारखान्याचा गळीत हंगाम जोरात आहे; उसाच्या फडात कोयता चालविणाऱ्या जोडप्याला मुकादमाची उचल घेताना आनंद होतो आणि फेडताना हंगाम अपुरा पडतो, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. बोनसच्या भरवशावर हप्ता बांधून घेणे हा त्याच जातीचा व्यवहार आहे. बोनस कमी करणे कंपनीच्या मर्जीवर असते. हप्ता कमी करणे तुझ्या मर्जीवर नसते.

त्या ५० वाहनांच्या अटीकडे मात्र बारकाईने पाहा. एकट्यादुकट्या मुलाने स्वतंत्र परवाना मिळवावा अशी तीत सोय नाही, म्हणून तू निराश झालास. पण आपण ज्या जिल्ह्यात जन्मलो, तेथे पन्नास माणसे एकत्र येणे ही काही अपूर्व गोष्ट नाही. एका शेतकऱ्याला साखर कारखाना काढता येत नव्हता, म्हणूनच विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साहाय्याने लोणीस शेतकऱ्यांचे भांडवल गोळा केले आणि १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू करून दाखविला. आपल्या सोनईचा मुळा कारखाना त्याच वाटेने उभा राहिला. टॅक्सीच्या व्यवसायातही हा विचार आता शिरला आहे: सहकार टॅक्सी ही बहुराज्यीय संस्था २०२५ साली नोंदली गेली, आणि तिच्या ‘भारत टॅक्सी’ने दिल्लीत चालकांनाच सभासद करून घेण्यास प्रारंभ केला आहे. तुम्हा मुलांची संस्था या नियमांत कशी बसेल, ते एखाद्या जाणत्या वकिलाकडून समजून घे. सहकारात भांडणे होतात, हेही आपण पाहिले आहे; तरी भाव कोणी ठरवावा आणि नफा कोठे जावा याबद्दल भांडता येणे हीच मालकीची खूण आहे.

प्रवाशाविषयी सांगतो. शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर भाविकांच्या मोटारींचा पाठलाग करून, त्यांना आडवे जाऊन, ठरावीक दुकानात नेणारे लटकू तू पाहिले आहेस. मोटारसायकल तीच, तरुणही आपल्याच गावांतले. परंतु त्यांच्यामुळे दूरदेशाहून श्रद्धेने आलेला मनुष्य आपल्या मुलखाविषयी मनात अढी धरून परततो. तुझ्यामागे बसणारा अनोळखी माणूस आपला प्राण अर्धा तास तुझ्या हाती देतो. तुझ्या चुकीची शिक्षा तुझ्याआधी त्याला होण्याचा संभव असतो. त्याच्यासाठी स्वच्छ हेल्मेट ठेव आणि त्याचा पट्टा स्वतः पाहून मगच गाडी हलव. स्त्री प्रवासी असेल तर अकारण बोलणे टाळ, ब्रेक जपून लाव, आणि उतरल्यावर तिचा क्रमांक आपल्या फोनमध्ये राहू देऊ नकोस. झोप अनावर झाली की बुकिंग बंद कर. बोनससाठी आणखी एक फेरी ही बहुधा वाईट फेरी ठरते.

रिक्षावाल्यांशी वैर धरू नकोस. परमिट, बॅज आणि मीटर यांच्या अटी पाळून, कर्ज काढून त्यांनी संसार उभे केले आहेत. त्यांचा विरोध भुकेच्या भयातून येतो. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत आणि रिक्षा पंचायत उभी केली, तेव्हा कष्टकऱ्याने कष्टकऱ्याला शत्रू समजू नये हाच संस्कार त्यांनी दिला. नाक्यावर त्यांच्या रांगेपुढे गाडी लावून सवारी उचलू नकोस.

शेवटी करावयाचे ते सांगतो. नोकरी इतक्यात सोडू नकोस. परवाना असलेल्या संस्थेची गाडी सुट्टीच्या दिवसांत भाड्याने चालविता येते का ते पाहा, आणि दोन महिन्यांची वही घेऊन गावी ये. खर्च, झीज आणि तुझ्या तासांची मजुरी वजा जाऊन काही उरत असेल, तर कर्जाला जामीन म्हणून सही करण्यास मी स्वतः पतसंस्थेत येईन. उरत नसेल, तर विहिरीजवळची पट्टी तारण ठेवू नये असे तुझ्या वडिलांना मी सांगेन, आणि तेव्हा तू माझा राग मानू नकोस.

प्रकृतीस जप. आईला दर आठवड्यास फोन करीत जा. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका