राखणीचा कुत्रा लंगडतोय आणि इंजेक्शननंतरही फरक नाही? मग हे वाचा

*पशुसल्ला*



मळ्यावरचा कुत्रा लंगडायला लागला की रात्रीची राखण थांबते. आपण त्याला डॉक्टरांना दाखवतो. "मुरगळलं असेल" म्हणून दुखण्याचं इंजेक्शन दिलं जातं. दोन दिवस बरा चालतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाय उचलतो. अशा वेळी समजा की दुखणं दबलंय, कारण अजून सापडलेलं नाही. लंगडणं हे लक्षण आहे, आजार नाही.

*कारण निसटतं कसं?*
दवाखान्यात कुत्रा घाबरलेला असतो. भीतीपोटी तो दुखरा पायही टेकवतो. डॉक्टर त्याला दहा मिनिटं बघतात, तुम्ही दिवसभर बघता. तुम्ही नीट सांगितलं नाही, तर चांगल्या डॉक्टरांच्याही नजरेतून कारण सुटू शकतं.

*नेहमी निसटणारी ४ कारणं*

१) *कुसळ:* माळावरचं गवत वाळलं की कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरतं. वरची जखम भरते, कुसळ आत सरकत राहतं. एक्स-रेत ते दिसत नाही. औषधाने सूज उतरते, औषध थांबलं की परत येते. एकाच जागी पुन्हा पुन्हा पू होत असेल तर "आत काही राहिलंय का, उघडून बघता का?" असं विचारा.

२) *गोचीड ताप:* आज पुढचा पाय, चार दिवसांनी मागचा. सांधे सुजतात, कुत्रा खात नाही, ताप येतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. पाय कितीही तपासला तरी हे कळत नाही, रक्त तपासावं लागतं. औषधाचा कोर्स बहुधा ३ ते ४ आठवड्यांचा असतो. बरा दिसला म्हणून मध्येच थांबवू नका.

३) *गुडघ्याची शीर तुटणं:* पळताना अचानक मागचा पाय उचलला, नंतर फक्त बोटं टेकवून उभा राहतो. ही आतली दोरी एक्स-रेत दिसत नाही. डॉक्टरांना गुडघा हाताने हलवून बघावा लागतो, कधी त्यासाठी गुंगीचं औषध द्यावं लागतं.

४) *हाडाची गाठ:* मोठ्या अंगाच्या, वयस्क कुत्र्यात मनगट, खांदा किंवा गुडघ्याजवळ टणक सूज येते आणि लंगडणं वाढतच जातं. हा कॅन्सर असू शकतो. इथे एक्स-रेला उशीर नको.

*डॉक्टरांकडे जाताना*
✅ घरी, सपाट जागेवर चालतानाचा व्हिडिओ काढा: समोरून, मागून, बाजूने.
✅ डोकं बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली येतं.
✅ कधीपासून, सकाळी उठल्यावर जास्त की पळाल्यावर, पाय एकच की बदलतो, हे लिहून ठेवा.
✅ आधी दिलेल्या औषधांचे फोटो न्या. स्टिरॉइड आणि वेदनाशामक एकत्र पडलं तर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो.
✅ बोटांच्या बेचक्या, तळवे आणि नखं समोर तपासून घ्या.

*पुन्हा कधी दाखवायचं?*
५-७ दिवसांत फरक नसेल, किंवा बरं वाटून पुन्हा लंगडला, तर तेच इंजेक्शन परत मागू नका. "डॉक्टरसाहेब, एकदा पहिल्यापासून तपासा" असं सरळ सांगा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यात कुणाचा अपमान नाही. पाय अजिबात टेकत नसेल, वाकडा दिसत असेल किंवा ताप असेल तर त्याच दिवशी न्या.

*हे करू नका*
❌ घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याला देऊ नका. लिव्हर, किडनी किंवा पोटावर बेतू शकतं.
❌ डाग देणं, गरम तेलाने चोळणं, पाय आवळून बांधणं टाळा.

⚠️ *हे मात्र नीट लक्षात ठेवा*
मागचा भाग लुळा पडतोय, खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, तर हा रेबीज असू शकतो. "घशात हाड अडकलं असेल" म्हणून तोंडात हात घालू नका. मुलांना लांब ठेवा, कुत्र्याला बंद जागेत ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. चावला किंवा जखमेवर लाळ लागली, तर १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन लगेच सरकारी दवाखान्यात जा. कुत्र्याची रेबीजची लस दरवर्षी चुकवू नका.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर फोन करा.

ज्यांच्या मळ्यावर कुत्रा आहे, त्यांना हा मेसेज पाठवा. 🙏
– आपली शेतकरी उत्पादक कंपनी