भिंत बघून बिट

भालकी

चि. दत्ता,

आयटीआयचं सर्टिफिकेट आलं आणि गुलबर्ग्यात घरगुती वायरिंगची कामं मिळू लागली, हे ताईकडून कळलं. मशीन कुठलं घेऊ, असं तू विचारलंस. मशीनचं सांगतो, पण आधी भिंतीचं ऐक. आपल्याकडं शे-सव्वाशे किलोमीटरात दगड तीनदा बदलतो, आणि एकाच बिटानं तिन्हीकडं काम उरकू म्हणणाऱ्याची गिट्टी महिन्याभरात सुटून हातात येते.

बीदरला जांभा. किल्ला त्याचाच आणि खंदकही त्याच्यातच खोदलेला. ताजा काढलेला जांभा मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो, पण आतून भोकंभोकंच. त्यात बिट वाट सोडून पळतं, भोक ऐसपैस होतं आणि स्क्रू पिळला की गिट्टी जागेवर फिरते. तिथं हॅमर बंद ठेव, सावकाश फिरव, आणि 6 ऐवजी 8 ची लांब गिट्टी वापर.

भालकी, बसवकल्याण, आळंद या बाजूला काळा दगड. जुन्या वाड्यांत तो मातीत रचलेला आणि भिंत हातभर जाड. पाइप आरपार न्यायचा असेल तर सांध्यातून जा, दगडाशी कुस्ती खेळू नकोस. बोर्ड बसवायचा असेल तर उलट: भोक दगडातच हवं, सांध्यातली माती गिट्टीला धरत नाही. आणि बाहेरून आत येणारं भोक बाहेरच्या अंगाला थोडं उतरतं ठेव, नाहीतर पहिल्या पावसात पाणी पाइपाच्या कडेनं आत येऊन बोर्डात उतरेल.

तुझ्या गुलबर्ग्यात शहाबाद, चित्तापूर, सेडमची फरशी. जमिनीला तीच आणि मांडणीलाही तीच. हा दगड काळ्या दगडाइतका कठीण नाही, पण थरांचा आहे. हॅमर लावलास की मागून खपली उडते, काठाजवळ तर फरशी सरळ फुटते. काठापासून चार बोटं आत ये, मागं लाकडाची फळी धर, नुसतं फिरवून भोक पाड, पाण्याचे थेंब सोडत राहा.

प्लास्टर झालेल्या भिंतीत आत काय आहे ते दिसत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचार, मराठीत नाहीतर कन्नडात. भिंत कधी आणि कशाची बांधली ते त्यांना ठाऊक असतं. नाहीतर पहिल्या भोकातून पडणारा भुगा बघ. तांबडा, काळा की सिमेंटचा राखाडी, ते तोच सांगतो. आणि स्विचबोर्डाच्या बरोबर वर किंवा खाली बिट लावू नकोस, आतली वायर बहुतेक तिथूनच उभी गेलेली असते.

आता मशीन. बाजारात 'हॅमर ड्रिल' म्हणून जे स्वस्तात मिळतं, त्यात दातांच्या दोन चकत्या एकमेकींवर घासून ठोका देतात. तो ठोका हलका, म्हणून माणूस अंगाचा भार टाकतो. विटेला ते चालतं. काळ्या दगडात आणि स्लॅबमध्ये खांदा जातो आणि भोक पडत नाही. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवेच्या दाबानं ठोका मारतो, तुला फक्त मशीन सरळ धरायचं असतं. पहिले पैसे एसडीएस प्लसच्या लहान रोटरी हॅमरवर घाल. दुसरं घे 10 मिलिमीटर चकचं साधं ड्रिल, पत्र्यासाठी आणि लाकडासाठी. बॅटरीचं मशीन दिसायला झकास, पण ते तिसरं. एक्स्टेन्शनची वायर बारीक नको. लांब, बारीक वायरीवर व्होल्टेज पडतं आणि मशीन तापतं. एसडीएस बिटाच्या दांड्याला बोटभर ग्रीस लावत जा. स्लॅबमध्ये सळई लागली तर हट्ट करू नकोस, भोक सरकव. सळईवर बिटाची विडियाची, म्हणजे कार्बाइडची, टिप तुटते.

त्या विडियाचा आणि आपल्या धंद्याचा संबंध तुला आयटीआयत कुणी सांगितला नसेल. जर्मनीत ओसरामच्या दिव्यांच्या कारखान्यात बल्बची टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याचे साचे लागत आणि ते परवडत नसत. त्यांना पर्याय शोधताना 1923 च्या सुमारास हा कार्बाइड निघाला. पुढं क्रुप कंपनीनं तो 'विडिया' नावानं विकला, आणि आपल्या वर्कशॉपांत तेच नाव राहिलं. म्हणजे भिंत फोडणारी टिप दिव्याच्या पोटी जन्मली.

धारेबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. भिंतीच्या 6 च्या बिटाला धार लावण्यात सकाळ घालवू नकोस, नवं आण. विडिया साध्या राखाडी चाकावर घासतच नाही, त्याला हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा दगड लागतो, आणि तापली टिप पाण्यात बुडवली तर तडकते. बिट मेलं हे ओळखायचं गिट्टीवरून: टिपेचे कोपरे झिजले की भोक अरुंद होतं आणि गिट्टी हातोडीनं ठोकावी लागते.

धार लावायची ती लोखंडाच्या, म्हणजे एचएसएस बिटाला. एमसीबीचा डबा, जीआय पत्रा, अँगल, सगळं त्याच्यावर. टोकाचा कोन 118 अंश, दोन्ही ओठ सारख्या लांबीचे, आणि ओठामागचा भाग थोडा उतरता. ओठामागं उतार नसला तर बिट कापत नाही, नुसतं घासून लाल होतं. चाकावर हलका हात ठेव, बिट बोटांना सोसेनासं होण्याआधी उचल. पत्र्यावर आधी सेंटर पंच, मग 3 चं भोक, मग मोठं, थेंबभर तेल घालून. दोन्ही खाचांतून सारखाच कीस निघाला तर धार बरोबर. एकीकडूनच निघाला तर एक ओठ लांब आहे आणि भोक मोठं पडणार. पाइपाच्या 20-25 च्या भोकाला स्टेप बिट घे, मोठं साधं बिट पत्र्यात अडकून मनगट पिरगाळतं.

बीदरला चौबाऱ्याकडं गेलास तर बिदरीचं काम करणाऱ्यांजवळ थोडा बस. नक्षी कोरताना कलम बोथट झालं की ते जोर वाढवत नाहीत, धारेच्या दगडाकडं वळतात.

चष्मा आणि तोंडाला मास्क लावायला लाजू नकोस. दगडाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. दिवाळीला येताना बोथट झालेली लोखंडाची बिटं घेऊन ये. माझा ग्राइंडर चालू आहे, चाक मात्र नवं आणावं लागेल: 6 इंची, भोक अर्ध्या इंचाचं.

तुझा,
मामा