फाईलचे नाव कोण बदलू शकतो?



काही घरांत जुन्या संगणकावर लिनक्स घालून तो ‘होम सर्व्हर’ म्हणून वापरतात. लग्नाचे फोटो, आजोबांची भजने, स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ त्यात साठवतात. कॅमेऱ्याने दिलेले ‘डीएससी_००४७’ असे नाव काढून तारीख व प्रसंग घालण्याचे काम एखादा प्रोग्राम रात्री आपोआप करतो. पण पुष्कळदा सकाळी नावे जशीच्या तशी दिसतात आणि ‘परमिशन डिनाइड’, म्हणजे परवानगी नाही, असा संदेश येतो. असे का होते?

लिनक्समध्ये प्रत्येक फाईलचा एक मालक व एक गट असतो. उरलेले सर्व ‘इतर’. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ व चालवण्याचा १ अशा अंकांची बेरीज करून तिघांचे अधिकार ठरतात. ६६४ म्हणजे मालक व गट वाचू-लिहू शकतात, इतर फक्त वाचू शकतात. फोल्डरच्या बाबतीत १ चा अर्थ ‘आत जाणे’ असा आहे.

आता मुख्य मुद्दा. मुलाचे नाव हजेरीपटात असते. ते बदलायचे तर अधिकार हजेरीपटावर हवा. तसेच फाईलचे नाव फोल्डरमध्ये नोंदलेले असते. म्हणून नाव बदलण्यासाठी फोल्डरवर लिहिण्याचा व आत जाण्याचा अधिकार लागतो. फोटो एका खात्याने साठवले आणि प्रोग्राम दुसऱ्या खात्याने चालला, तर इथेच गाडी अडते.

उपाय असा :
१) दोन्ही खात्यांचा एक गट करावा व फोल्डर त्या गटाच्या नावे करावे.
२) फोल्डरांना २७७५ व फाईलींना ६६४ द्यावे. सुरुवातीच्या २ मुळे आत तयार होणारी नवी फाईल त्याच गटाची होते. फोल्डरांना चुकूनही ६६४ देऊ नये. आत जाता येणार नाही.
३) प्रोग्रामचा ‘युमास्क’ ००२ ठेवावा, म्हणजे नव्या फाईलींवर गटाचा लिहिण्याचा अधिकार टिकतो.
४) प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करावा, तोवर त्याला नवा गट लागू होत नाही.
५) आधी एका फाईलच्या प्रतीवर करून पाहावे.

कोणी म्हणेल, सरळ ७७७ देऊन टाका. पण मग संगणकावरचे कोणतेही खाते ती भजने पुसू शकेल. आपल्या बिदरचा मदरसा महमूद गवान याने १४७२ साली बांधला. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की, शत्रूंनी गवानची मोहोर कोऱ्या कागदावर उमटवून घेतली व वर राजद्रोहाचे पत्र लिहिले. सुलतानाने १४८१ मध्ये त्याचा वध करविला. ७७७ ही अशीच कोऱ्या कागदावरची मोहोर आहे. ज्याचे जेवढे काम, तेवढाच अधिकार द्यावा.

स्वाध्याय : एका फोल्डरला ७५० दिले आहे. मालक, गट व इतर यांपैकी त्यातील फाईलचे नाव कोण बदलू शकेल? कारण लिहा.

— मुख्याध्यापक