वाहतूक-सर्वेक्षणाची कागदपत्रे आणि नागरिकाचा अधिकार

एखाद्या चौकात उड्डाणपूल बांधावयाचा, रस्ता रुंद करण्यासाठी पदपथ कमी करावयाचा किंवा रहदारी एकाच दिशेने वळवावयाची, असा निर्णय जेव्हा नगर प्रशासन घेते, तेव्हा त्याच्या मुळाशी बहुधा एक वाहतूक-सर्वेक्षण असते. निर्णय जाहीर होतो; परंतु ज्या मोजणीवर तो आधारलेला असतो, ती पुष्कळदा कार्यालयाच्या कपाटातच राहते. त्या चौकातून शाळेत जाणारी मुले, हातगाडी लोटणारा विक्रेता, बसची वाट पाहणारा कामगार यांपैकी कोणाची गणना झाली आणि कोणाची झाली नाही, हे त्या कागदांवरूनच कळू शकते.

अशा अभ्यासाचा प्रभाव किती दूरवर पोहोचतो, हे मुंबईच्या उदाहरणावरून दिसते. 1962 मध्ये विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार संस्थेकडे त्या शहराच्या वाहतुकीचा अभ्यास सोपविण्यात आला. त्यातून पुढे आलेल्या द्रुतगती मार्गांच्या कल्पनेचा धागा 2009 मध्ये खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूपर्यंत येऊन पोहोचतो. एका पिढीच्या मोजणीचे बरेवाईट परिणाम अशा रीतीने पुढील पिढ्यांच्या वाट्याला येतात.

मोजणीचे स्वरूप

सर्वेक्षणाच्या वेळी गणक चौकात उभे राहून, अथवा चित्रफितीवरून, प्रत्येक दिशेने जाणाऱ्या व वळणाऱ्या वाहनांची प्रकारवार नोंद करतात. या नोंदी सामान्यतः पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांनी केल्या जातात. त्यांवरून सर्वाधिक गर्दीचा तास ठरविला जातो, तक्ते तयार होतात आणि शेवटी निष्कर्षांसह अहवाल लिहिला जातो. म्हणजे कागदांचे तीन थर असतात : मूळ नोंदपत्रके, गोषवाऱ्याचे तक्ते आणि अहवाल. अहवाल मत सांगतो. नोंदपत्रक काय दिसले ते सांगते. मोजणी कोणत्या दिवशी झाली, त्या दिवशी सुटी होती काय, पाऊस होता काय, शेजारचा रस्ता खोदलेला होता काय, अशा प्रश्नांची उत्तरे शोधावयाची तर मूळ नोंदपत्रकाकडेच जावे लागते.

निरनिराळ्या वाहनांची बेरीज करण्यासाठी अभियंते मोटारगाडी हे एकक धरतात. भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेने 1990 मध्ये शहरी रस्त्यांच्या क्षमतेविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत रहदारीतील प्रमाणानुसार बस किंवा मालमोटार 2.2 ते 3.7 मोटारींइतकी, तर सायकल 0.4 ते 0.5 मोटारीइतकी मानली आहे. हे गुणक वाहन किती जागा अडविते ते दाखवितात. वाहनात किती माणसे आहेत ते दाखवीत नाहीत. पन्नास प्रवाशांची बस या हिशेबात तीन-साडेतीन मोटारींचा अडथळा ठरते आणि पायी चालणारा माणूस तर या बेरजेत येतच नाही. पादचाऱ्यांची मोजणी स्वतंत्रपणे करावी लागते. पादचारी-मार्ग कोठे आखावा, हे ठरविण्याच्या एका प्रचलित पद्धतीत पादचाऱ्यांची संख्या आणि वाहनसंख्येचा वर्ग यांचा गुणाकार पाहतात. पादचारी मोजलेच नसतील, तर हे गणित मांडताच येत नाही. म्हणून पादचारी-गणना झाली होती किंवा नाही, हाच पुष्कळदा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो.

कायद्याचा आधार

12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे अंमलात आलेल्या माहिती अधिकार अधिनियमाने हे कागद पाहण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे. कलम 4 अन्वये, लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे हे प्रशासनाचे स्वतःचेच कर्तव्य आहे. ते पाळले गेले नाही, तर कलम 6 खाली अर्ज करता येतो. माहिती कशासाठी हवी, याचे कारण देण्याचे बंधन अर्जदारावर नाही. प्रतींप्रमाणेच मूळ कागद प्रत्यक्ष पाहण्याचा, टिपणे घेण्याचा आणि संगणकात साठविलेली माहिती त्याच रूपात मिळविण्याचा हक्कही या कायद्यात अंतर्भूत आहे.

अर्जाची भाषा

मात्र हक्क असणे वेगळे आणि तो नेमकेपणाने वापरणे वेगळे. ‘या चौकात उड्डाणपुलाची गरज काय?’ असे विचारणाऱ्या अर्जाला समाधानकारक उत्तर मिळणे कठीण असते. जी माहिती अभिलेखात आहे तीच देण्यास प्रशासन बांधलेले आहे, नवी माहिती तयार करण्यास किंवा मत देण्यास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. यास्तव प्रश्न न विचारता कागदाचे नाव घ्यावे. चौक आणि कालावधी नमूद करून वाहनगणनेची व पादचारी-गणनेची मूळ नोंदपत्रके, वळणाऱ्या वाहनांचे तक्ते, सल्लागाराला दिलेला कार्यादेश, त्याने सादर केलेला मसुदा व अंतिम अहवाल आणि त्यांवरील कार्यालयीन टिपण्या मागाव्यात. पादचारी-गणना झालेली नसेल, तर तसा अभिलेख उपलब्ध नसल्याचे लेखी उत्तर मिळते. ते उत्तरही एक पुरावाच असते.

केंद्रीय नियमांनुसार अर्जाचे शुल्क 10 रुपये असून अर्ज सामान्यतः 500 शब्दांपेक्षा मोठा नसावा. राज्यांचे नियम निरनिराळे आहेत. महाराष्ट्रात 2012 च्या दुरुस्तीने अर्जाला 150 शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा घातली. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क द्यावे लागत नाही.

विलंब आणि नकार

एकाच रस्त्याचे कागद अनेक ठिकाणी विखुरलेले असतात. रस्ता महानगरपालिकेचा, अपघातांच्या नोंदी पोलिसांकडे, तर प्रदेशाचा अभ्यास विकास प्राधिकरणाकडे, अशी स्थिती सर्वत्र आढळते. कागद दुसऱ्या प्राधिकरणाकडे असल्यास अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे पाठविणे आवश्यक आहे. एरवी तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे. मुदत टळल्यास माहिती विनामूल्य द्यावी लागते.

अहवाल खाजगी सल्लागाराचा असल्याने ते व्यापारी गुपित आहे, असे कारण कधी पुढे केले जाते. परंतु कायद्यातील हा अपवाद स्पर्धेतील स्थानाला हानी पोहोचविणाऱ्या माहितीपुरता आहे आणि व्यापक लोकहितासाठी तोही दूर सारता येतो. सार्वजनिक रस्त्यावरील वाहनांची संख्या हे कोणाचे गुपित कसे ठरावे? वाहनक्रमांक किंवा घरोघरी घेतलेल्या मुलाखतींतील व्यक्तिगत तपशील झाकून उरलेला भाग देण्याची तरतूद कलम 10 मध्ये आहे. नकार मिळाल्यास तीस दिवसांत पहिले अपील करता येते. त्यावरील निर्णयानेही समाधान न झाल्यास नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. वाजवी कारणाविना माहिती रोखणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 रुपये, इतका दंड होऊ शकतो.

कागद हाती आल्याने निर्णय बदलेलच असे नाही. कित्येकदा मोजणी योग्य असल्याचेही आढळून येते आणि विरोधाला आधार उरत नाही. तोही लाभच होय. परंतु हरकती व सूचनांच्या सुनावणीत ‘येथे फार माणसे पायी चालतात’ असे म्हणणे आणि ‘सोळा तासांच्या या नोंदपत्रकात पायी चालणाऱ्यांसाठी रकानाच नाही’ असे दाखवून देणे, यांत मोठे अंतर आहे. पहिले विधान तक्रार म्हणून ऐकून घेतले जाते. दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते.