मटक्याचा हिशेब

मटका म्हणजे मडके. पूर्वी मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरवीत, म्हणून हे नाव पडले. हा जुगार मुंबईत १९६२ च्या सुमारास सुरू झाला. पुढे तो गावोगाव पसरला.

ओपनचा एक आकडा, क्लोजचा एक आकडा. दोन्ही मिळून जोडी. जोड्या १००. एका रुपयाला ९० असा जोडीचा भाव सांगतात.

आता हिशेब करू. समजा, कोपरीत १०० जणांनी १०० वेगळ्या जोड्यांवर दहा-दहा रुपये लावले. जमले १,०००. एकाला मिळाले ९००. बाकी ९९ जणांचे गेले. बुकीला उरले १००.

कुणी म्हणतो, "ओपन लागला की सगळे पैसे क्लोजवर लावू." एका आकड्याचा भाव नऊपट. १० चे ९०, ९० चे ८१०. आता बुकीला उरले १९०! पैजेला पैज जोडली की त्याचा वाटा वाढतो. फुटबॉलच्या तीन-चार सामन्यांची एकत्र पैज लावली तरी तेच.

"लई दिवस लागली नाही, आता लागेल." नाही भाऊ, मडक्याला कालची आठवण नसते. १०० दिवस रोज जोडी लावली, तरी १०० जणांत सुमारे ३७ जणांना एकदाही लागत नाही.

शिवाय मटका हा गुन्हा आहे. बुकीने पैसे बुडवले, तर दाद कुठे मागणार?

रोजचे १० म्हणजे वर्षाचे ३,६५०. एवढ्यात घरात काय काय येईल? पाटीवर लिहा.