खाशाबा आज गादीवर उतरले तर?

नांदेडहून लातूरकडे जाणारा रस्ता विष्णुपुरीवरून जातो. मार्गशीर्ष महिन्यात या रस्त्याने माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला माणसांची रीघ लागते. यात्रेत कुस्त्यांची दंगल भरते आणि परतीच्या वाटेवर वादाची दंगल सुरू होते. म्हातारे म्हणतात, "हल्लीची पोरं खाशाबांपुढं दोन मिनिटं टिकली नसती!" तरुण म्हणतात, "आजच्या वेगापुढं खाशाबांचाच निभाव लागला नसता!"

विद्यार्थी मित्रांनो, यांपैकी खरे कोणाचे? आवाज कोणाचा मोठा, यावर हे ठरवायचे नाही. विज्ञानाची रीत वापरून पाहू.

प्रथम एक फरक लक्षात घ्या. धावपटूची कामगिरी घड्याळ मोजते. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सने १०० मीटरचे अंतर १०.३ सेकंदांत तोडले. २००९ साली, त्याच बर्लिन शहरात, उसेन बोल्टला ९.५८ सेकंद लागले. हे दोन आकडे शेजारी ठेवता येतात. (ओवेन्स राखमिश्रित मातीच्या पट्ट्यावर धावला, हे मात्र विसरायचे नाही.) कुस्तीत असे घड्याळ नाही. मल्लाचे माप म्हणजे समोरचा मल्ल. म्हणून येथे आधी परिस्थिती निश्चित करावी लागते आणि मगच प्रश्न विचारता येतो.

आपल्या सुदैवाने तुलनेला सोयीची एक जोडी इतिहासाने दिली आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. २०२४ साली पॅरिस येथे अमन सेहरावत याने ५७ किलो गटातच कांस्यपदक मिळवले. खाशाबा जपानच्या शोहाची इशीईकडून हरले आणि इशीई सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. अमन जपानच्या रेई हिगुचीकडून हरला आणि त्यानेही पुढे सुवर्णपदक जिंकले. वजन तेच, पदकही तेच. मध्ये ७२ वर्षे गेली. या काळात काय काय बदलले?

पहिला बदल वेळेचा. खाशाबांच्या काळी ऑलिंपिकची कुस्ती १५ मिनिटांपर्यंत चाले. आज तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात आणि मध्ये ३० सेकंद विश्रांती असते. आपल्या स्नायूंत तयार असलेली ऊर्जा जोराच्या झटापटीत काही सेकंदांतच संपत येते. पुढे थोडा वेळ प्राणवायूवाचून साखरेचे विघटन करून काम भागते. कुस्ती जसजशी लांबते, तसतसा प्राणवायूवर मिळणाऱ्या ऊर्जेचा वाटा वाढत जातो. म्हणजे १५ मिनिटांची कुस्ती दमाची अधिक परीक्षा घेते, तर सहा मिनिटांची स्फोटक शक्तीची.

शक्ती म्हणजे काय, ते गणिताने पाहा. ५७ किलोचा प्रतिस्पर्धी एक मीटर उचलण्यास ५७ × ९.८ × १, म्हणजे सुमारे ५५९ ज्यूल कार्य करावे लागते. हे दोन सेकंदांत केले तर शक्ती सुमारे २८० वॅट भरते. अर्ध्या सेकंदात केले तर सुमारे १,११८ वॅट, म्हणजे जवळजवळ दीड अश्वशक्ती! कार्य तेवढेच, पण शक्ती चौपट. आजच्या मल्लाचा बराचसा सराव या अर्ध्या सेकंदासाठी असतो.

दुसरा बदल जमिनीचा. खाशाबा मातीत घडले. तेल, ताक, हळद घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीत अनवाणी पाय किंचित रुततो. गादीवर बुटाचा रबरी तळवा पकड घेतो. घर्षण निराळे, म्हणून पदन्यासही निराळा. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा प्रथमच गादीवर खेळले आणि तरीही ५२ किलो गटात सहावे आले. चार वर्षांनी त्यांनी पदक आणले. ही नोंद आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

तिसरा बदल गुणांचा. आपल्या मातीत चितपट झाली की कुस्ती संपली. आज प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळवला की दोन गुण, त्याला रेषेबाहेर ढकलले तरी एक गुण. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तेथेच थांबते. हिगुचीने अमनला १०–० असे हरवले, ते याच नियमाने.

चौथा बदल शास्त्रीय साहाय्याचा. उपांत्य कुस्तीनंतर अमनचे वजन ६१.५ किलो भरले होते. रात्रभर देखरेखीखाली व्यायाम व घाम यांनी ते सकाळपर्यंत ५६.९ किलोवर आणले गेले. ४.६ किलो म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे साडेसात टक्के, आणि त्यात मुख्यतः पाणीच. (शरीरास हे घातक ठरू शकते. तुम्ही असा प्रयोग कदापि करू नये.) उलट खाशाबांना हेलसिंकीला जाण्यासाठी पैसेच नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. इशीईशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर पुरेशा विश्रांतीवाचून त्यांना पुन्हा उतरावे लागले आणि दाद मागायला सोबत भारतीय अधिकारी नव्हता, असे सांगितले जाते.

आता मनातल्या मनात तीन प्रयोग करू.

पहिला : १९५२ चे खाशाबा जसेच्या तसे पॅरिसच्या गादीवर उतरले. नियम अनोळखी, सरावाचा जोडीदार नाही. बहुधा ते हरतील. तरुणांचे म्हणणे येथे खरे.

दुसरा : अमनला हेलसिंकीला पाठवले. सहा मिनिटांपर्यंत त्याचा वेग भारी पडेल. पण दहा गुणांनी कुस्ती थांबणार नाही, आणि सातव्या मिनिटापासून त्याच्या सवयीबाहेरचा प्रदेश सुरू होईल. येथे म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे.

तिसरा : खाशाबांना आजचा आहार, आजची गादी, आजचे प्रशिक्षण दिले. आता निकाल सांगणे सर्वांत अवघड. कारण ७२ वर्षांत माणसाची आनुवंशिक घडण बदलत नाही. बदलते ते ज्ञान आणि साधने. अपुऱ्या साधनांनिशी चार वर्षांत सहाव्या क्रमांकावरून, तेही वरच्या वजनगटात, पदकापर्यंत पोचणारा मल्ल शिकण्यात कच्चा नव्हता, एवढे मात्र सिद्ध आहे.

म्हणून पुढच्या वेळी असा वाद निघाला, तर आधी विचारा : "कोणत्या नियमांनी? कोणत्या जमिनीवर? किती तयारीनंतर?"

हे करून पाहा : दप्तराला ताणकाटा अडकवून ते प्रथम मोकळ्या मातीवर, नंतर सतरंजीवर आणि मग रबरी चटईवर सावकाश ओढा. प्रत्येक वेळी किती बल लागले ते लिहा.

विचार करा : लातूर जिल्ह्याचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. त्यांची आजच्या मल्लाशी तुलना करायची, तर कोणकोणत्या गोष्टी समान ठेवाव्या लागतील? यादी करा आणि वर्गात वाचून दाखवा.